वीज गेली तरी निरोप पोचावा म्हणून

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पाण्याने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी गाठली. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुराचे स्वरूप ध्यानात येते. त्या दिवसांत कोल्हापूर व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विजेची अनेक उपकेंद्रे आणि रोहित्रे एक तर पाण्यात गेली किंवा जीवितहानी टाळण्यासाठी जाणूनबुजून बंद ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब हजारोंच्या संख्येने कोसळले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही हाच अनुभव आला.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. पाऊस किती पडला, नदी किती चढली, धरणातून किती पाणी सुटले हे कळण्याची निकड ज्या घटकेला सर्वाधिक असते, नेमकी त्याच घटकेला वीज नसते. आज ही माहिती पुष्कळ ठिकाणी माणूस मोजपट्टी पाहून कळवीत नाही. नदीकाठचे स्वयंचलित यंत्र ती मोजते आणि मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या नियंत्रण कक्षाकडे पाठवते. निरोप नेण्याचे हे काम करणाऱ्या छोट्या पेटीला औद्योगिक राऊटर म्हणतात. राऊटर किती जलद आहे यापेक्षा वीज गेल्यावर तो किती तास जागा राहतो, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. तरीही खरेदीच्या कागदपत्रांत राऊटरसाठी दोन पाने आणि बॅटरीसाठी एक ओळ, असे प्रमाण अनेकदा दिसते.

घरचा राऊटर आणि रानातला राऊटर

घरात किंवा कचेरीत इंटरनेटसाठी असलेला राऊटर पंख्याखाली, सावलीत बसून काम करतो. औद्योगिक राऊटरचे जिणे वेगळे असते. नदीच्या पुलावर, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, टेकडीवरच्या जलकुंभाशेजारी किंवा विजेच्या उपकेंद्रात लोखंडी पेटीत तो बसवलेला असतो. शून्याखालच्या थंडीपासून ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत चालेल अशी त्याची घडण असते. त्यात मोबाईलचे सिमकार्ड असते, आणि पातळीमापक, पर्जन्यमापक, प्रवाहमापक अशा यंत्रांच्या तारा त्याला जोडलेल्या असतात. तो अडकून पडला तर स्वतःच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करण्याची सोयही त्यात केलेली असते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक विजेच्या बाबतीत आहे. हा राऊटर २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर थेट चालत नाही. साधारणपणे ९ ते ३० किंवा ३६ व्होल्टच्या दरम्यानची एकदिश विद्युतधारा त्याला चालते, म्हणजेच १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी त्याला सरळ जोडता येते. बॅटरीवर तो चालावा, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे.

महाराष्ट्रात अशा यंत्रांचा प्रसार आता बराच झाला आहे. जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, २००६ ते २०१४ या काळात, कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी नदीप्रवाहाचा तात्कालिक अंदाज आणि जलाशय परिचालन यांची यंत्रणा उभारण्यात आली. महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशननंतर गावोगावच्या नळयोजनांतही पाण्याची पातळी व प्रवाह दुरून पाहण्याच्या सोयी येऊ लागल्या आहेत. अशी केंद्रे उपग्रहामार्फत किंवा मोबाईल जाळ्यामार्फत निरोप पाठवतात. मोबाईल जाळे स्वस्त आणि सोयीचे असल्याने लहान केंद्रांचा कल तिकडेच असतो.

येथे थोडे मागे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. जुन्या तारेच्या दूरध्वनीला घरची वीज लागत नसे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांची मोठी रांग सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेतून घरोघर पोचवीत असे. त्यामुळे गावात काळोख असला तरी फोन बोलत असे. तांब्याची जागा प्रकाशतंतूने आणि मोबाईल लहरींनी घेतली, तेव्हा निरोप वेगाने जाऊ लागला. पण त्याच्याबरोबर येणारी वीज बंद झाली. प्रत्येक टोकाला आपापली वीज बाळगणे भाग पडले. ग्रामपंचायत कार्यालयात भारतनेटच्या यंत्राबरोबर बॅटरी येते ती याच कारणाने, आणि टेबलाखाली धूळ खात पडलेल्या त्या बॅटरीकडे ग्रामसेवकांनी अधूनमधून पाहिले पाहिजे तेही याच कारणाने.

हिशेब वॅटचा आणि तासांचा

किती मोठी बॅटरी हवी, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल असा हा हिशेब आहे.

नदीवरील एका केंद्राचे उदाहरण घेऊ. राऊटर सरासरी ५ वॅट वीज घेतो आणि पातळीमापक व नोंदयंत्र मिळून ३ वॅट घेतात, असे धरले तर एकूण ८ वॅट झाले. दिवसाचे २४ तास गुणिले ८ म्हणजे १९२ वॅट-तास. तीन दिवस वीज आली नाही तरी केंद्र चालू राहावे अशी अपेक्षा असेल, तर ५७६ वॅट-तासांची तरतूद हवी.

परंतु बॅटरीवर लिहिलेली सर्व शक्ती वापरायची नसते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ५७६ च्या दुप्पट, म्हणजे ११५२ वॅट-तास धरावे लागतात. १२ व्होल्टने भागले की ९६ अॅम्पिअर-तास येतात. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. बॅटरी जुनी होते. तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ती बदलावी, असा संकेत आहे. तेव्हा त्या शेवटच्या वर्षातही तीन दिवस निभावायचे तर ९६ ला ०.८ ने भागून १२० अॅम्पिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते. नव्या बॅटरीवर तीन दिवस आणि तिसऱ्या वर्षी दीड दिवस, अशी फसगत व्हायची नसेल तर हा भागाकार टाळता येत नाही.

संगणकासाठी दुकानात मिळणारा यूपीएस आणून राऊटरला लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सोयीची वाटते, पण किफायतशीर नाही. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे एकूण ८४ वॅट-तास. यूपीएस प्रथम या विजेचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करतो आणि राऊटरचा अडॅप्टर तिचे पुन्हा १२ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. या उलटसुलट प्रवासात आणि यूपीएसच्या स्वतःच्या खर्चात दहाएक वॅट सहज जातात. ८ वॅटचे केंद्र चालवण्यासाठी १८-२० वॅट खर्ची पडून चारएक तासांत सगळे संपते. हीच बॅटरी योग्य भारण-नियंत्रकामार्फत सरळ जोडली, तर तेच केंद्र ती नऊ तासांच्या आसपास चालवते.

बॅटरी कितीही मोठी असली तरी तिच्यापासून यंत्रापर्यंतची तार बारीक असेल तर सगळा खटाटोप वाया जातो. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने २० मीटर अंतर गाठले तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो. राऊटर निरोप पाठवताना एक अॅम्पिअर ओढतो असे धरले, तर तेवढ्या क्षणापुरते १.४ व्होल्ट तारेतच हरवतात. ११.८ व्होल्टची बॅटरी यंत्राच्या दाराशी १०.४ व्होल्ट देते. राऊटर कदाचित तग धरील; पण शेजारचा पातळीमापक चुकीचा आकडा दाखवू लागेल. नादुरुस्त म्हणून परत पाठवलेली यंत्रे प्रयोगशाळेत निर्दोष निघतात, याचे एक कारण हे असू शकते.

शिसे की लिथियम?

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्लाचा पुनर्भारित होणारा घट तयार केला. दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी त्याचे स्थान टिकून आहे, कारण तो स्वस्त आहे, कोठेही मिळतो आणि तालुक्याच्या गावातील मेकॅनिकलाही कळतो. यातील प्रत्येक घट २ व्होल्टचा असतो आणि असे सहा घट मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते. पूर्ण भारलेली, विश्रांत बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. पाणी घालावे न लागणारी बंदिस्त बॅटरी हा याच जातीचा सुधारलेला प्रकार होय.

या बॅटरीचा सर्वात मोठा शत्रू उष्णता आहे. तिचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. दहा वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी ३५ अंशांत पाच वर्षे आणि ४५ अंशांत जेमतेम अडीच वर्षे टिकते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभी असलेली लोखंडी पेटी आतून बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश अधिक तापू शकते. पेटीला पांढरा रंग, वर दुहेरी पत्र्याचे छप्पर आणि खाली-वर वायुविजनाची छिद्रे एवढ्या साध्या उपायांनी बॅटरीचे आयुष्य वाढते. छिद्रे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहेत. प्रमाणाबाहेर भारली गेल्यास शिसे-आम्लाची बॅटरी हायड्रोजन वायू सोडते आणि हवाबंद पेटीत तो साठणे धोक्याचे असते. छिद्रांना बारीक जाळी मात्र हवी. अन्यथा पाली, मुंग्या आणि गांधीलमाश्या तेथे बिऱ्हाड थाटतात.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागाला लागू पडणारी एक बाब यंत्र विकणाऱ्यांच्या पुस्तिकांत सापडत नाही. नदीकाठचे पुष्कळ पंप आणि त्यांच्या शेजारची मापनयंत्रे कृषी वाहिनीवर असतात. तेथे वीज आळीपाळीने दिवसा किंवा रात्री आठ-दहा तासच मिळते. म्हणजे बॅटरी ‘अडीअडचणीला’ नव्हे, तर रोज चौदा-सोळा तास काम करते. २६ अॅम्पिअर-तासांची छोटी बॅटरी अशा जागी लावली, तर ८ वॅटच्या केंद्राने ती दररोज चाळीस टक्के रिकामी होते. शिवाय आठ तासांच्या विजेत ती पूर्ण भरत नाही, कारण शिसे-आम्लाच्या बॅटरीचा शेवटचा भाग फार सावकाश भरतो. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्याने पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि दोन पावसाळ्यांच्या आत बॅटरी निकामी होते. बॅटरी वाईट निघाली, असा शेरा मग नोंदवहीत पडतो. वास्तविक दोष बॅटरीचा नसून निवडीचा असतो.

अशा ठिकाणी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी अधिक योग्य ठरते. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्या तिघांना मिळाला, त्यांपैकी जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे संयुग पुढे आणले. याचा प्रत्येक घट ३.२ व्होल्टचा असतो. चार घटांची बॅटरी १२.८ व्होल्टची होते आणि ती १२ व्होल्टच्या यंत्रांना चालते. ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी करूनही ती दोन हजारांहून अधिक वेळा भरता येते. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही. वरच्या उदाहरणातील केंद्राला, म्हातारपणाची तीच सवलत धरून, १२० ऐवजी ७० अॅम्पिअर-तास पुरतात आणि वजन तर निम्म्याहूनही पुष्कळ कमी भरते. पुलाच्या कठड्यावर चढून बॅटरी बदलणाऱ्याला या फरकाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

तिच्याही मर्यादा आहेत. प्रथम खर्च अधिक. प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण तिच्यात असावेच लागते. ते नसलेली स्वस्त बॅटरी घेण्यापेक्षा शिशाची बरी. आणि तिचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून ती किती उरली हे कळत नाही. भारणाची मोजणी ठेवणारा मापक लागतो. शिशाची बॅटरी थकत चालल्याचे आधी सांगते, ही एकदम गप्प होते.

बॅटरी कोणतीही असली तरी ठराविक पातळीखाली तिला यंत्रापासून तोडणारी कळ आवश्यक आहे. ती नसेल तर दाब घसरत असताना राऊटर बंद पडतो, भार गेल्याने बॅटरीचा दाब किंचित वाढतो, राऊटर पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा कोसळतो. सुरू होऊन मोबाईल जाळ्यात नोंद होण्यास त्याला एक-दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळही त्याला मिळत नाही. एकही निरोप न जाता उरलेली शक्ती या धडपडीत संपते. म्हणून ही कळ सुमारे ११ व्होल्टला तोडणारी आणि १२.६ व्होल्टच्या आसपास दाब परत आल्यावरच जोडणारी असते.

उन्हाचा भरवसा किती?

जेथे तार पोचत नाही तेथे सौर पट्टी लावली जाते, आणि तेथील हिशेबात सर्वाधिक चुका होतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर पट्टीला दिवसाला साडेचार ते पाच तासांचे पूर्ण ऊन मिळते. भारणातील व रूपांतरणातील तूट धरून १९२ वॅट-तासांसाठी ६० वॅटची पट्टी पुरेशी दिसते. परंतु केंद्र सरासरीच्या दिवशी चालावे म्हणून बसवलेले नसते. आंबोली, महाबळेश्वर किंवा कोयनेच्या पाणलोटात जुलै महिन्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. तेथे दोन तासांचे ऊन धरून हिशेब केला तर पट्टी १४० वॅटच्या घरात जाते आणि बॅटरीही तीनऐवजी पाच-सात दिवसांची घ्यावीशी वाटते. पाऊस मोजण्याचे यंत्र पावसात बंद पडावे, हा विरोधाभास टाळायचा असेल तर पट्टी जुलैसाठी घ्यावी, जानेवारीसाठी नव्हे.

खर्च वाढवण्यापेक्षा भूक कमी करण्याचा मार्गही आहे. राऊटर अखंड जागा ठेवण्याऐवजी दर पंधरा मिनिटांनी तीन मिनिटे उठवला, तर त्याची सरासरी गरज पाचाची एक वॅटवर येते. पर्जन्यमापक केंद्राला ही पद्धत उत्तम चालते. धरणाच्या दारांवरील किंवा पूररेषेवरील केंद्राला मात्र नियंत्रण कक्षातून हवे त्या क्षणी हाक मारता आली पाहिजे, आणि झोपलेला राऊटर हाकेला ओ देत नाही. पाणी इशारा पातळीवर गेले की आपोआप अखंड जागे राहावे, अशी रचना आता करता येते व ती बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. मोबाईलची लहर क्षीण असलेल्या जागी राऊटरला अधिक जोर लावून निरोप धाडावा लागतो आणि वीजही अधिक लागते. तेथे दोनच मीटर उंच उभारलेला चांगला अँटेना बॅटरीवरचा ताण हलका करू शकतो.

पलीकडच्या टोकाचे काय?

राऊटर तीन दिवस जागा आहे. पण ज्या मोबाईल मनोऱ्याशी तो बोलतो त्याची बॅटरी काही तासांत संपली, तर निरोप जाणार कोठे? मनोऱ्यांवर बॅटऱ्या आणि पुष्कळ ठिकाणी डिझेल जनित्र असते. निसर्ग चक्रीवादळानंतर रस्त्यांवर झाडे पडली असताना डिझेल पोचवणे हेच कठीण होऊन बसले होते. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्येही धक्क्यातून वाचलेले कित्येक मनोरे पुढे बॅटऱ्या संपल्याने बंद पडले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगाने २०२० मध्ये, वणव्याचा धोका अधिक असलेल्या भागांतील मोबाईल सेवेसाठी ७२ तासांच्या पर्यायी विजेचे बंधन घातले.

स्थानिक पातळीवर एवढे करता येते. राऊटरमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालावीत. परंतु त्या दोन्ही कंपन्या एकाच मनोऱ्यावर तर नाहीत ना, हे आधी पाहावे. मनोरे भाड्याने वाटून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि तसे असेल तर दोन सिमकार्डे ही एकच दोरी दुहेरी बांधल्यासारखी होतात. अतिमहत्त्वाच्या केंद्रांवर उपग्रहाचा किंवा बिनतारी संदेशाचा दुसरा मार्ग ठेवणे अपरिहार्य आहे. नोंदयंत्राला स्वतःची स्मृती असावी, म्हणजे मार्ग बंद असतानाची मोजमापे तेथेच साठून राहतील आणि मार्ग खुला होताच पाठवली जातील. त्यांनी त्या रात्रीचा इशारा देता येणार नाही, परंतु पुढील पुराच्या अभ्यासासाठी ती अमूल्य असतात.

पावसाळ्यापूर्वीची चाचणी

बॅटरी ठीक आहे की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही, आणि नुसता व्होल्टमीटर लावूनही कळत नाही. भारणयंत्र चालू असताना जुनीपुराणी बॅटरीही साडेतेरा व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा एकच. मे महिन्यात एके दिवशी मुख्य वीज मुद्दाम बंद करावी, केंद्र बॅटरीवर चालू द्यावे आणि चोवीस तासांनी दाब किती उतरला ते पाहावे. आदल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहिलेला असेल तर बॅटरी किती थकली हे कोणालाही वाचता येते. यासाठी ना तज्ज्ञ लागतो ना निधी. पंपचालक किंवा गावच्या शाळेतील विज्ञान शिक्षक हे काम विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करू शकतात.

दरम्यानच्या काळात बॅटरीचा दाब हा पाणीपातळीच्या बरोबरीने पाठवला जाणारा एक आकडा असावा. नियंत्रण कक्षात ‘केंद्र बंद’ असा लाल दिवा लागण्यापूर्वी दोन दिवस हा आकडा घसरताना दिसतो आणि माणूस पाठवण्यास वेळ मिळतो. वीज जाताच ‘वीज गेली’ एवढा निरोप धाडण्याची सोयही बहुतेक राऊटरमध्ये असते. ती बसवणीच्या वेळी सुरू करून घ्यावी लागते.

बॅटरीची पेटी ज्ञात सर्वोच्च पूरपातळीच्या वर असावी, हे सांगण्याची गरज पडू नये. पण सोयीसाठी बॅटरी खाली जमिनीवर आणि यंत्र वर खांबावर अशी मांडणी आढळते. अग्रांना पेट्रोलियम जेलीचा हलका लेप, भूसंपर्काची तपासणी आणि विजेच्या लोळापासून संरक्षण करणारे साधन, ही कामे त्याच मे महिन्यातील भेटीत उरकता येतात. बॅटरी आणि सौर पट्टी या सहज विकल्या जाणाऱ्या वस्तू असल्याने चोरीचे भय सर्वत्र आहे. जाळीचा पिंजरा आणि न खुलणारे बोल्ट उपयोगी पडतातच. परंतु हे यंत्र कशासाठी आहे व त्याच्या निरोपावर गावाला किती आधी सूचना मिळते, हे ज्या ग्रामसभेत समजावून सांगितले गेले आहे, तेथे गावाचेच लक्ष पेटीवर राहते.

निकामी झालेली बॅटरी कार्यालयाच्या कोपऱ्यात पडू देऊ नये आणि रस्त्यावरच्या भंगारवाल्यालाही देऊ नये. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे आणि आम्ल माती व विहिरींत उतरते, आणि शिशाचा अपाय लहान मुलांना सर्वाधिक होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. नवी बॅटरी मागवतानाच जुनी परत नेण्याची अट आदेशात घालावी आणि ती परत गेल्याची नोंद साठा नोंदवहीत तारखेसह ठेवावी.